पूजेला बसलेली गाडी

मी तापट माणूस. वय झालं, दात गेले, तरी तो स्वभाव काही गेला नाही. माझी बायको म्हणायची, या घरातली भांडीसुद्धा तुमचा आवाज आला की गप बसतात. ती हे हसत म्हणायची. भांड्यांबरोबर तीही गप बसायची, हे माझ्या ध्यानात यायला फार उशीर झाला. आज जे लिहायला बसलोय ती गोष्ट तशी एवढीशीच आहे: एक जुनी गाडी वाटेत बंद पडली आणि ती सुरू करायला मला वेळ लागला. पण मागं हौद्यात माझी बायको अडलेली होती, आणि तिच्या पोटात आमचं पहिलं मूल होतं.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. शेवगावात एका कापसाच्या व्यापाऱ्याकडं मी ड्रायव्हर होतो. गाडी म्हणजे पुढं दोघांपुरती फळी आणि मागं उघडा लाकडी हौदा. हल्ली असल्या गाडीला पिकअप म्हणतात. आम्ही नुसतं 'गाडी' म्हणायचो. आसपास दुसरी नव्हतीच, त्यामुळं कुणाचा घोटाळा व्हायचा नाही. मालकानं ती कुठल्याशा साहेबाकडून घेतली तेव्हाच तिचं वय झालं होतं, आणि माझ्या हाती आली तोवर तिचं एक दार दोरीनं बांधायची पाळी आली होती. पेट्रोल कुपनावर मिळायचं. सुटे भाग तर बघायलाही मिळत नव्हते. जे मोडेल त्याला तार बांध, पत्रा ठोक, चिंधी गुंडाळ, असा सगळा कारभार. मी तिला दिवसातून दहा वेळा शिव्या घालायचो, आणि दुसऱ्या कुणी घातली तर त्याच्या अंगावर जायचो.

हे काम मी नगरला शिकलो. छावणीच्या बाहेर एका मिस्त्रीचं दुकान होतं, त्याच्या हाताखाली चार वर्षं काढली. अंगानं आडदांड माणूस, पण बोलणं इतकं हळू की कान द्यावा लागे. त्यानं मला दोन गोष्टी घोकून घेतल्या होत्या. गाडी बंद पडली की आधी पेट्रोल बघायचं, मग ठिणगी बघायची. आणि गाडीत सगळ्यात शेवटी जिथं कुणाचा हात लागला असेल, ते आधी उघडायचं. पुढं मी हे कितीतरी पोरांना शिकवलं, तोऱ्यात शिकवलं. ज्या दिवशी मला स्वतःला ते हवं होतं त्या दिवशी मात्र मी ते गुंडाळून ठेवलं.

ठिणगी म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पेट्रोल इंजिनात गेलं तरी ते पेटवायला ठिणगी लागते; ती प्लगच्या टोकाशी पडते. इंजिनाच्या अंगाला एक डबी असते, तिच्यावर काळी टोपी, दोन क्लिपांनी दाबून बसवलेली. टोपी काढली की आत मधोमध एक फिरता तुकडा दिसतो, आणि त्याच्या खाली धातूची दोन इवली टोकं. त्यांना पॉइंट म्हणतात. ती एकमेकांना टेकतात आणि सुटतात, टेकतात आणि सुटतात. तसं झालं तरच ठिणगी पडते. टेकलीच नाहीत, तर बाकी सगळं कितीही धड असलं तरी गाडी जागची हलत नाही.

लग्न होऊन बायको नवी नवी आली होती तेव्हा एकदा जेवणाचा डबा घेऊन ती गाडीपाशी आली. तिनं विचारलं, "हिचा जीव कुठं असतो?" त्या दिवशी माझं डोकं थाऱ्यावर होतं. मी दोन्ही क्लिपा सोडल्या, टोपी उचलली आणि म्हणालो, "हितं." ती वाकून बराच वेळ बघत राहिली. "येवढुसाच?" म्हणाली. मी हसलो होतो. तिच्याशी गाडीबद्दल सरळपणानं बोललो असेन तर ते त्या एकाच दिवशी.

खंडेनवमीला आमच्याकडं औजारं पूजेला बसतात. शेतकऱ्याचं खुरपं, शिंप्याची कात्री, न्हाव्याचा वस्तरा, ज्याचं पोट ज्यावर चालतं ते. घासूनपुसून मांडायचं, हळदीकुंकू वाहायचं, अक्षता टाकायच्या, झेंडू वाहायचा. एकदा पूजेला बसलं की दसरा उजाडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मीही अष्टमीला गाडी धुतली. प्लग काढून घासले. टोपी उघडून पॉइंट साफ केले, पोस्टकार्ड दुमडून त्यांच्यातलं अंतर बरोबर लावलं. हे काम इतकं नेटकं झालं होतं की मी टोपी लावायच्या आधी ते मालकाला बोलावून दाखवलं. मालकाला काय कळणार. "बरं बरं," म्हणाला आणि गेला.

नवमीला सकाळी बायको ताट घेऊन आली. तिचे दिवस भरत आले होते, चालताना एक हात कमरेवर असायचा. नेमका मी झेंडूचा हार आणायला विसरलो होतो, म्हणून बाजारात गेलो. परत आलो तर तिनं सगळी पूजा उरकली होती. ताट मडगार्डवर ठेवलं होतं आणि ती पदराला हात पुसत होती. पुढच्या काचेवर कुंकवाचा एक ओघळ आला होता. झालं, मी त्याच्यावरून बोललो. काच पुसायची कुणी, पूजा करायची म्हणजे माखून ठेवायचं का, असलं काहीतरी. ती म्हणाली, "पुसते की." मी म्हणालो, "आता हात लावू नको, पूजेला बसलीया." मग हार घातला आणि आम्ही घरी आलो.

दसऱ्याच्या पहाटे तिला कळा लागल्या. शेजारची सुईण बोलावली. म्हातारी होती, गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर आलेली. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. तिनं पोट चाचपलं, आणि बाहेर येऊन माझ्याकडं न बघता म्हणाली, "प्वार आडवं हाय. ह्ये माझ्या हातचं न्हाई बाबा. नगरला न्या, बायकांच्या दवाखान्यात. लगोलग न्या."

"किती येळ हाय?"

"ते मला इचारू नगस. बसू नगस हितं, येवढं कळतंय मला."

मी मालकाकडं धावलो. मालक अंघोळीला निघाला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि तसाच पंचावर उभा राहून म्हणाला, "गाडी काढ. टाकीत हाय त्येवढं पेट्रोल घेऊन जा." तो माणूस कंजूष म्हणून गावात प्रसिद्ध होता. त्या दिवशीचं त्याचं बोलणं मी विसरलो नाही.

हौद्यात कडबा अंथरला, त्यावर पोती, त्यावर घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या. दोन बाजूंना काठ्या उभ्या करून वर एक जुनं लुगडं ताणून बांधलं. बायकोला उचलून वर ठेवली. मावशी तिच्या डोक्याशी बसली. मी पुढं जाऊन इंजिनाला लोखंडी हँडल लावलं आणि मारलं. दुसऱ्या हिसक्याला गाडी सुरू झाली. इतक्या घाईत, इतक्या काळजीतसुद्धा मला त्याचा अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. अष्टमीचं काम कसं झालंय बघा, असं मनात आलं.

रस्ता खडीचा, आणि खडी कसली, नुसते दगड वर आलेले. जोरात न्यावी तर मागं तिला हिसके बसत. हळू न्यावी तर वेळ जाई. मी जोरात नेली. अमरापूर गेलं, तिसगाव गेलं. गावागावांत दारांना तोरणं लागली होती, अंगणात रांगोळ्या पडल्या होत्या, रस्त्यावर मात्र कुणी नव्हतं. सणाच्या दिवशी घर सोडून कोण कशाला निघतंय. मागून तिचं कण्हणं ऐकू येत होतं. ते ऐकू येतंय तोवर बरं, असं मी मनाला सांगत होतो.

करंजीचा घाट यायला तीनेक मैल राहिले असतील. गाडीनं एक ठोका चुकवला. मग दुसरा. मागच्या नळीतून फाट् करून बार निघाला. मी ॲक्सिलरेटर दाबला, सोडला, परत दाबला. ती चार हिसके देऊन गप्प झाली. रस्त्याच्या कडेला एक लिंब होता, त्याच्या सावलीपर्यंत गाडी कशीबशी घरंगळली. हौद्यावर पूर्ण सावली पडत होती. चला, निदान ऊन तरी नाही, असं वाटलं.

आधी पेट्रोल बघितलं. टाकीत काठी घातली, भरपूर होतं. नळी सोडली, पेट्रोल धारेनं आलं. म्हणजे ठिणगी. एक प्लग काढून इंजिनाला टेकवून ठेवला आणि हँडल मारलं. पण हँडल पुढं आणि प्लग बाजूला, मी एकटा माणूस दोन्हीकडं कसा बघणार? मावशीला खाली उतरवलं.

"मावशी, ह्या टोकाकडं बघा. मी फिरवतो. निळी ठिणगी दिसली का सांगा."

"उनात काय दिसणार बाबा मला?"

"पदर धरा वरून. अंधार करा."

ती म्हातारी इंजिनावर वाकली, प्लगावर पदराचा तंबू केला आणि त्यात डोकं घातलं. मी हँडल फिरवलं. खांदा निखळेल असं फिरवलं.

"दिसली का?"

"न्हाई बाबा."

"नीट बघा."

"न्हाई रं लेकरा. काळंच हाय."

दुसरा प्लग, तिसरा, चौथा. न्हाई. मग मधली जाड वायर काढली. ती कॉइलकडून येते, बॅटरीच्या करंटची ठिणगी जिथं तयार होते त्या नळकांड्याकडून. तिचं टोक काटकीनं लोखंडापासून चिमूटभर अंतरावर धरून ठेवलं. परत हँडल, परत मावशीचा पदर. न्हाई. म्हणजे कॉइलपासूनच ठिणगी निघत नव्हती. बॅटरीच्या दोन टोकांना तारेचा तुकडा लावला, तो चरचरला. बॅटरी जिवंत होती. कॉइलपर्यंत करंट येत होता. पुढं कुठंतरी मेला होता.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? टोपी उघडली असती. पण मला माहीत होतं ना, टोपीत मी स्वतः हात घातला होता. दोनच दिवसांपूर्वी. पोस्टकार्ड लावून. जगातलं काहीही बिघडू शकतं, पण मी केलेलं काम बिघडणार नाही, असली घमेंड होती मला. मिस्त्रीचं वाक्य डोक्यात आलंसुद्धा, सगळ्यात शेवटी जिथं हात लागला ते आधी उघड. आणि मी त्याला मनातल्या मनात उत्तर दिलं, तो हात माझा आहे.

म्हणून मी कंडेन्सरवर घसरलो. डबीच्या बाहेरच्या अंगाला बसवलेला तो इवला डबा पॉइंटना जळू देत नाही. तो जुना झाला होता, कधीतरी दगा देणार हे ठाऊक होतं. पेटीत एक दुसरा जुनाच होता. मळीनं भरलेला स्क्रू, घामानं निसटणारा पाना, बोटं सोलली. बदलला. हँडल. पदर. न्हाई.

मग वाटलं कॉइल तापली. बरोबर घेतलेल्या हंड्यातलं पाणी चिंधीवर घेऊन कॉइलवर ठेवलं आणि ती निवायची वाट बघत बसलो. वाट बघणं हे माझ्या रक्तात नाही. मागून कळांचा आवाज येत होता, आणि तो आता ओरडण्यासारखा राहिला नव्हता. खोल, घोगरा झाला होता. सकाळी सूर्य गाडीच्या मागं होता. आता तो वर चढला होता आणि लिंबाची सावली हौद्यावरून निम्मी सरकली होती. मावशी वर चढली, तिनं पोटाला हात लावला आणि मला म्हणाली, "बाबा, आवर."

"आवरतोच हाय की. खेळ मांडलाय का मी हितं?"

तेव्हा हौद्यातून बायकोचा आवाज आला. बारीक आवाज. "अवं, मी काय म्हनते..."

"काय म्हनू नको," मी म्हणालो. "तू गप पड."

ती गप पडली.

मेंढरं घेऊन एक धनगर त्या बाजूनं आला. त्यानं हौद्यात बघितलं. म्हणाला, "ढकलू का?" मी म्हणालो, ठिणगीच नाही तर ढकलून काय उपयोग. तो म्हणाला, "वाडीवरनं बैलगाडी आनू?" मी हिशेब केला. वाडीला जायचं, बैल जुंपायचे, घाट, आणि पुढं नगरपर्यंत सगळा माळ. दिवस मावळला असता. तरी म्हणालो, "आना. आना बाबा." तो मेंढरं तशीच सोडून पळत सुटला. तोपर्यंत मी एका बिघाडाशी भांडत होतो. त्याच्या पळण्याकडं बघून कळलं की ही दोघं माझ्या डोळ्यांदेखत जाऊ शकतात. मी देवाला हाक मारली, कुठल्या देवाला ते आठवत नाही. मग कॉइलवरची चिंधी ओढून फेकली आणि परत हँडल मारलं. परत मारलं. परत. हाताला फोड आले, फुटले. काही नाही.

माणूस हतबल झाला की कुणाला तरी धरून बडवायला बघतो. मला मालकाचा पुतण्या आठवला. तो नेहमी गाडीभोवती घुटमळायचा, हे काय ते काय विचारायचा. माझ्या डोक्यानं घेतलं की यानंच कुठंतरी हात घातला. वायर ढिली केली, काहीतरी केलं. मी मोठ्यानं बोलायला लागलो. आभाळाला ऐकू जाईल एवढ्यानं.

"कुनीतरी हात घातलाय हिच्यात. मी सांगतो, कुनीतरी घातलाय. ज्यानं घातला असंल त्याचे हात झडतील. हात झडून पडतील त्याचे."

"अवं," ती परत म्हणाली. या वेळी ती कोपरावर उठली होती, मावशी तिला खाली दाबत होती. "ऐका की. काल मी..."

"कालचं घरी गेल्यावर सांग. गाडीतलं तुला काय कळतंय?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिला कळ आली आणि ती आडवी झाली. त्यानंतर ती कण्हलीसुद्धा नाही. मला वाटलं तिला जरा बरं वाटतंय.

मग एकेक वायर हातानं चाचपत गेलो. कुठं ढिली नव्हती. स्विच सोडून सरळ तार जोडली. काही नाही. सगळं बघून झालं. टोपी तेवढी राहिली होती. आता दुसरं काही करायला उरलंच नव्हतं, म्हणून ती उघडली. पहिली क्लिप, दुसरी क्लिप.

आत फिरत्या तुकड्यावर मधोमध हळदीचं एक बोट होतं आणि त्यावर कुंकवाचं. वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. खाली सगळीकडं लाल भुगा सांडला होता. आणि पॉइंटच्या दोन टोकांच्या बरोबर मध्ये तांदळाचा एक तुकडा अडकला होता, कुंकवानं माखलेला. अक्षता. गाडी घरून निघाली तेव्हा ती वर कुंकवाला चिकटून होती. खडीच्या रस्त्यानं सुटली, खाली पडली, आणि दोन टोकांच्या मध्ये जाऊन बसली. टोकं एकमेकांना टेकतच नव्हती.

ते बोट कुणाचं होतं हे मला विचारावं लागलं नाही. गाडीचा जीव कुठं असतो हे मी आयुष्यात एकाच माणसाला दाखवलं होतं. मी हार आणायला गेलो तेव्हा तिनं क्लिपा सोडल्या असतील. काचेला, चाकांना, हँडलला कुंकू सगळेच लावतात. तिला जीवाला लावायचं होतं. तिच्या पोटात जीव होता, म्हणून तिला ते सुचलं असेल. मग तशीच टोपी बसवली असेल, नीट, माझ्यासारखी. आणि मी येऊन काचेवरच्या ओघळावरून बोललो.

बाभळीचा काटा तोडला, त्यानं तो तुकडा काढला. काड्यापेटीच्या कडेनं पॉइंट घासले, फुंकर मारली, बोटानं पुसले, सदऱ्यानं पुसले. टोपी बसवली. सगळं मिळून दोन-तीन मिनिटांचं काम. हँडल मारायच्या आधी मी मागं गेलो. हौद्यावर आता सगळं ऊन होतं. वरच्या लुगड्यातून ते तिच्या तोंडावर पडत होतं. तिचे ओठ पांढरे पडले होते. मी हौद्याच्या फळीवर हात ठेवला. तिनं त्या हाताकडं बघितलं. बोटं लाल होती.

"हाताला काय लागलं?"

"खरचटलं."

"आन गाडीला काय झाल्तं?"

"वायर सुटली व्हती."

तिनं डोळे मिटले. गाडी पहिल्या हिसक्याला सुरू झाली.

धनगराची वाट न बघता निघालो. घाट कसा पार केला ते मला आठवत नाही. नगरला दवाखान्याच्या दारात दोन बायका पळत आल्या, तिला आत घेऊन गेल्या. मी बाहेर पायरीवर बसलो. मावशीला आत घेतलं होतं. पुष्कळ वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. थकलेल्या होत्या, पण माझ्यासमोर नीट उभ्या राहून बोलल्या. "बाई वाचली. मूल नाही वाचलं. मुलगा होता." मग त्यांनी विचारलं, "वाटेत थांबला होतात का?" मी म्हणालो, गाडी बंद पडली होती. "अगदी थोडं आधी पोचला असतात तर," एवढं म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांचा काही दोष नव्हता. मावशीनं बाळाला बाहेर आणलं तेव्हा तिनं आपला पदर फाडून त्याला गुंडाळलं होतं. त्याच पदराखाली ती सकाळभर ठिणगी बघत होती.

बायको त्या दवाखान्यात बरेच दिवस होती. मी दुसऱ्या दिवशी तिच्याजवळ बसलो होतो. तिनं माझा उजवा हात घेतला, उलटा केला, सुलटा केला, एकेक बोट बघितलं. तळव्याला हँडलचे फोड होते. बोटांच्या पेरांना स्क्रूनं सोललेलं होतं. पण ज्या दोन बोटांची टोकं अजून कुंकवानं लाल होती, तिथं ओरखडासुद्धा नव्हता. तिनं हात परत माझ्या मांडीवर ठेवला आणि भिंतीकडं तोंड केलं. मी तिला एक वाक्य म्हणायला हवं होतं. ते तेव्हाच म्हणायला हवं होतं. मी उठून गाडीचं पाणी बघायला गेलो.

वर्ष सरलं. परत खंडेनवमी आली. मी गाडी धुतली, टोपी उघडून साफ केली, परत बसवली. मनाशी ठरवलं होतं, तिला जिथं कुंकू लावायचं असेल तिथं लावू द्यायचं. आतसुद्धा. आपण नंतर गुपचूप पुसून घेऊ. हारही आदल्या दिवशीच आणून ठेवला होता, म्हणजे मला कुठं जावं लागायला नको. ती ताट घेऊन आली. ताट मडगार्डवर ठेवलं. मग दोन पावलं मागं सरकली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

"लाव की," मी म्हणालो.

"तुमी लावा," ती म्हणाली. "माझा हात नको."

आवाजात राग नव्हता. रागानं म्हणाली असती तर मी रागानं काहीतरी बोललो असतो, ते मला येत होतं. तिनं साधंच सांगितलं, भाजीत मीठ नको म्हणावं तसं. हात झडतील असं मी जे बोललो होतो ते ती वर्षभर सांभाळून होती. त्या एका वर्षात तिनं माझ्या कुठल्याही औजाराला, डब्याला, पेटीला हात लावला नव्हता. रोज माझ्यासमोर असून ते मला दिसलं नव्हतं.

माझ्या मनात वाक्य तयार होतं. तू दोनदा सांगत होतीस, मी ऐकलं नाही. एवढंच. मी तोंड उघडलं. आणि म्हणालो, "बरं, आवर मग, मालक खोळंबलेत." आणि मीच कुंकू लावलं.

पुढं आम्हाला दोन मुली झाल्या. गाडी मोडीत गेली, दुसऱ्या आल्या, माझं स्वतःचं दुरुस्तीचं दुकान झालं. दर खंडेनवमीला ती ताट करून द्यायची, त्यात तांदळाचे मोजून चार दाणे टाकायची, आणि दाराशी हात पदराखाली घेऊन उभी राहायची. ती गेली त्या वर्षीसुद्धा तिनं ताट करून दिलं होतं. ते वाक्य मी तिला कधीच म्हणालो नाही. इथं पहिल्यांदा लिहिलंय.